परगावी ठेवलेला जिल्हा



भंडाऱ्याच्या या ग्रंथालयात ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानं होतात, ते गृहस्थ आयुष्यभर देवघेवीच्या टेबलामागे बसले. भाषणांची त्यांना फारशी आवड नव्हती, असं मला संयोजकांनी आल्याआल्याच सांगितलं. हा इशारा समजून मी तासाभरात आटपणार आहे.

विषय ठरला तेव्हा एका मित्रानं फोनवर विचारलं, “ग्रंथालय आणि धंदा? अरे, धंदेवाला माणूस ग्रंथालयात येतो तो पेपर वाचायला आणि पंख्याखाली बसायला.” मी म्हटलं, बरोबर आहे. पण तो तेवढ्यासाठीच का येतो? त्याला दुसरं काही हवंच नसतं, की इथे मिळतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं? आजचं माझं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

सुरुवात कोंढ्यापासून करतो. आपल्याकडे प्रत्येक राईस मिलच्या मागे कोंढ्याची थप्पी असते. काही वर्षांपूर्वी तुमसरकडचा एक तरुण माझ्याकडे आला. घरची गिरणी, शिक्षण बरं, डोक्यात कल्पना पक्की: आसपासच्या गिरण्यांतून कोंढा गोळा करायचा आणि त्याचं तेल काढायचं. हातात यंत्रवाल्याचं चकचकीत माहितीपत्रक, बँकेत बोलणी झालेली. मी त्याला एकच विचारलं, “कोंढा गिरणीतून निघाल्यापासून किती तासांत तुझ्या कारखान्यात पोचेल?”

तो म्हणाला, “दोन-चार दिवसांनी गाडी फिरवीन की. कोंढा काय, कुठे पळून जातो?”

पळून जात नाही, पण बिघडतो. दाणा सडला जातो त्या क्षणी कोंढ्यातलं तेल आणि त्याच कोंढ्यातलं लायपेज नावाचं विकर एकत्र येतात. तासातासाला तेलातली आम्लता चढू लागते. चार दिवसांच्या कोंढ्याचं तेल खाण्याच्या कामाचं करायचं तर शुद्धीकरणातच नफा जातो. उसन्या तांदळाच्या कोंढ्याचं तसं नाही. धान आधीच उकडलेलं असल्यानं ते विकर मेलेलं असतं, आणि या कोंढ्यात तेलही जास्त निघतं. म्हणजे प्रश्न यंत्राचा नव्हताच. आपल्या पट्ट्यात अरवा किती निघतो, उसना किती, कोणत्या महिन्यात, आणि गिरण्या एकमेकींपासून किती लांब, हा खरा प्रश्न होता.

ही काही गुप्त विद्या नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं यावर कितीतरी वर्षं काम केलं आहे, छापलं आहे. त्या तरुणानं ते वाचलं, महिनाभर गिरण्या फिरला, वहीत आकडे मांडले आणि यंत्र घेतलं नाही. आता सांगा, त्याचे जे पैसे वाचले ते कोणत्या हिशेबात धरायचे? ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालात सभासद किती, पुस्तकं किती, वाटप किती, हे सगळं असतं. “एका माणसाला न चालणारा कारखाना काढू दिला नाही” असा रकाना मी अजून कुठे पाहिलेला नाही.

तर धंद्याचा अभ्यासक म्हणजे कोण? विद्यापीठात प्रबंध लिहिणारा तो आहेच. पण मी हा शब्द कोंढ्याच्या वहीवाल्या पोरासाठीही वापरतो. आंधळगावच्या कोष्ट्यासाठी वापरतो, बचतगटाच्या ताईसाठी वापरतो. पैसा घालण्याआधी जो “थांबा, आधी पाहू” म्हणतो, तो अभ्यासक.

आता थोडं मागे जाऊ. नागपूरपर्यंतच जायचं आहे, साठ-पासष्ट किलोमीटर.

१८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, हे शाळेत शिकवतात. पुढची गोष्ट मात्र शिकवत नाहीत. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा एक सरकारी अहवाल निघाला. विषय होता चांदा जिल्ह्यातलं लोखंड, म्हणजे आपल्या शेजारचं लोहारा. असे अहवाल तेव्हाही निघत आणि तेव्हाही कुणी वाचत नसे. जमशेटजींनी तो वाचला. वरोऱ्याचा कोळसा तपासायला परदेशी पाठवला, तो पोलादाला उपयोगी नाही असा निकाल आला, प्रकरण मिटलं. मिटलं, पण डोक्यातून गेलं नाही. सतराएक वर्षांनी खाणकामाचे नियम सैल झाले तेव्हा टाटांची माणसं पुन्हा चांद्याच्या जंगलात उतरली. पुन्हा निराशा झाली.

१९०३ मध्ये दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात आले ते “आम्ही शोध थांबवतो” हे सांगायला. साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायचा म्हणून दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले, आपल्या अजब बंगल्यात. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा लावलेला होता. त्यात दुर्गकडचा एक भाग गडद रंगवलेला त्यांना दिसला. तो रंग लोहखनिजाचा होता. शोध पुन्हा सुरू झाला, माणसं दल्ली-राजहराच्या टेकड्यांवर पोचली. या टेकड्यांची नोंद भूगर्भ सर्वेक्षणाचे प्रमथनाथ बोस यांनी १८८७ च्या सुमारास करून ठेवली होती. पुढे याच बोसांच्या पत्रामुळे टाटा मयूरभंजला वळले आणि साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला कारखाना झाला. दल्ली-राजहराचं लोखंड नंतर भिलाईला गेलं.

ही गोष्ट सांगताना लोक योगायोगावर टाळ्या देतात. दोराबजींना साहेब वेळेवर भेटले असते तर काय झालं असतं, वगैरे. मला त्या योगायोगात फार रस नाही. मला रस आहे तो नकाशा भिंतीवर लावणाऱ्या माणसात. कोण होता तो? कुणी तरी कारकून असेल. त्यानं तो नकाशा गुंडाळी करून माळ्यावर टाकला असता तर त्याला कुणी जाब विचारला नसता. त्यानं तो लावला, दिसेल असा लावला, आणि बाहेरच्या माणसाला आत येऊन बघायला मनाई नव्हती. मोठं संशोधन-ग्रंथालय धंद्यासाठी काय करतं, असं मला कुणी विचारलं तर मी हीच तीन कामं सांगेन. ठेवतं, दिसेल असं ठेवतं, आणि दार उघडं ठेवतं.

आता आपल्या दाराशी येतो. डोंगरी बुजुर्ग, चिखला, सीतासावंगी. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी घरांतले आजोबा-पणजोबा मँगनीजच्या खाणीवर गेले असतील. तुमसर रोडवरून तिरोडीकडे जाणारी रेल्वेची शाखा या खनिजावरच जगली. १९०९ मध्ये भूगर्भ सर्वेक्षणाच्या लुईस फर्मर या अधिकाऱ्याचा भारतातल्या मँगनीजवरचा हजारावर पानांचा ग्रंथ निघाला. भंडारा, बालाघाट, नागपूर, छिंदवाडा असे जिल्हे त्यानं पालथे घातले होते. एका खडकाला त्यानं गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असं नाव दिलं, ते आजही जगभर चालतं.

फर्मरच्या आगेमागे काय चाललं होतं? मँगनीजचा मोठा पुरवठादार रशिया होता, कॉकेशस भागातला. १९०५ च्या सुमारास तिथे युद्ध आणि उलथापालथ झाली, माल अडला, भाव चढले, आणि मध्य प्रांतात खाणींसाठी झुंबड उडाली. लंडनमधला भागधारक हे सगळं वाचत होता. आपल्या खाणीत टोपली उचलणाऱ्याला एवढंच दिसत होतं, की यंदा काम भरपूर आहे. पुढे भाव उतरले तेव्हा त्याला दिसलं, की यंदा काम नाही. मधलं सगळं कागदावर होतं आणि कागद परगावी होते.

माझं दुखणं हेच आहे. भंडारा जिल्ह्याबद्दल लिहिलं गेलं नाही असं नाही, भरपूर लिहिलं गेलं आहे. १९०८ चं रसेल यांचं गॅझेटियर आहे. सी. ई. लो यांनी १९०८-०९ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या उद्योगांची पाहणी केली, त्याचा अहवाल आहे. १९२९-३० ची प्रांतिक बँकिंग चौकशी आहे, सावकारी कशी चालते याचा त्यात खोलवर शोध आहे. १९७९ चं राज्य सरकारचं गॅझेटियर आहे. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका आहेत. हे सगळं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मिळेल, कोलकात्याला मिळेल, पुण्याला मिळेल. भंडाऱ्यात? जिल्हा आमचा, आणि त्याची वही परगावी ठेवलेली.

ब्रिटिश लायब्ररीचं नाव निघालंच आहे तर एक सांगतो. इंडिया ऑफिसचे सगळे कागद त्याच इमारतीत आहेत. त्याच इमारतीत २००६ मध्ये त्यांनी धंदा आणि बौद्धिक संपदेसाठी एक केंद्र उघडलं. कुणीही जावं, बाजाराची महागडी माहिती-भांडारं तिथे बसून फुकट वापरावीत. ही भांडारं एकट्यादुकट्या माणसाला परवडत नाहीत. ग्रंथालय एकदा पैसे भरतं आणि हजारो जण वापरतात. आपल्याकडेही २०२५ पासून सरकारी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांसाठी संशोधनपत्रिकांची ‘एक देश, एक वर्गणी’ योजना सुरू झाली आहे. चांगली गोष्ट आहे. पण तुमसरचा गिरणीवाला कोणत्या विद्यापीठाचा विद्यार्थी आहे? त्याला या योजनेत खुर्ची नाही. ती गावच्या ग्रंथालयातून मिळाली पाहिजे, असं मला वाटतं. असो.

परदेशाचं कौतुक फार झालं. आपल्या माणसाकडे येऊ.

धनंजयराव गाडगीळ. जन्म १९०१, नाशिकचा, पण बालपण आणि शाळा नागपूरची, म्हणजे जवळजवळ आपलेच. केंब्रिजला गेले आणि तिथे भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवर प्रबंध लिहिला, १९२४ मध्ये तो पुस्तकरूपानं आला. तेविशीतल्या पोरानं तो लिहिला कशाच्या जोरावर? अहवाल, गॅझेटियरं, चौकशी समित्यांची बाडं. जे कागद सरकारनं सारा वसूल करायला लिहिले, त्यांतून यानं कारागिराचं काय झालं ते वाचून काढलं.

१९३० मध्ये साताऱ्याच्या रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था निघाली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. ग्रंथालय मात्र त्याआधीचं. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला तेव्हापासूनचा संग्रह त्याच्या बुडाशी आहे. आज त्याला धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय म्हणतात. संयुक्त राष्ट्रांची प्रकाशनंही तिथे ठेव म्हणून येतात.

या संस्थेनं सुरुवातीला अभ्यास कशाचा केला, ऐका. १९३३ मध्ये पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी छापली. १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची. फळवाले आणि मोटारवाले! त्या काळच्या विद्वानांनी नाकं मुरडली असतील. पण नव्वद वर्षांपूर्वी महाराष्ट्रात मोटारीचा धंदा कसा चालायचा हे आज कुणाला बघायचं असेल तर ती पाहणी हाताशी आहे. आणि हेच ग्रंथालयातले गाडगीळ पुढे विठ्ठलराव विख्यांबरोबर प्रवरानगरला गेले, शेतकऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. नंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, पण मला त्यांचा साखर कारखाना जास्त जवळचा वाटतो.

त्या ग्रंथालयानं आपले हजारो जुने ग्रंथ आणि अहवाल स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले केले आहेत. मोबाइलवर उघडतात. परगावी ठेवलेला जिल्हा परत आणायला आता बैलगाडी लागत नाही. मग तो परत का येत नाही?

कारण मधला माणूस नाही. ग्रंथपाल म्हणजे कपाटाची किल्ली सांभाळणारा, ही आपली समजूत. किल्ली तर शिपाईही सांभाळतो. चांगल्या ग्रंथपालाचं खरं काम तुमचा प्रश्न दुरुस्त करण्याचं. माणूस येतो आणि म्हणतो, “पितळेवर काही आहे का?” पितळेवर? रसायनशास्त्र हवं, की मूर्ती, की भाव? दहा मिनिटं बोलल्यावर कळतं, की घरी भट्टी आहे, वडील गुंड आणि गंज करायचे, स्टील आल्यापासून गिऱ्हाईक गेलं, आता मोड महाग झाली आहे आणि नवं काय करता येईल ते बघायचं आहे. म्हणजे याला पितळेवरचं पुस्तक नको आहे. त्याला मुरादाबादला काय बनतं ते हवं आहे, निर्यातीचे आकडे हवे आहेत, भारतीय मानक हवं आहे, आणि मुदत संपलेलं एखादं पेटंट हवं आहे.

पेटंटचं सांगतो, कारण हे आपल्या माहितीतच नसतं. पेटंट वीस वर्षांचं. त्यानंतर ती कृती सगळ्यांची. चित्रांसकट, मापांसकट छापलेली असते, वापरा. आणि पेटंटच्या माहितीसाठी १९८० मध्ये केंद्र सरकारनं जी यंत्रणा उभी केली, ती कुठे? दिल्लीत नाही, मुंबईत नाही, नागपूरला! खाणींबद्दल हवं असेल तर भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय नागपूरला. कंपनीबद्दल हवं असेल तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून कुठल्याही कंपनीचे दाखल कागद बघता येतात. वरठीच्या सनफ्लॅगचे वार्षिक अहवाल तर फुकट आहेत. डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याबद्दल नेटकी माहिती कुठे वाचायला मिळते ठाऊक आहे? या खाणी चालवणारी ‘मॉइल’ कंपनी २०१० मध्ये शेअर बाजारात आली तेव्हाच्या माहितीपत्रकात. शेअर घेणाऱ्यांसाठी लिहिली होती. खाणीशेजारच्या गावासाठी ती कुणी लिहिली नाही, पण वाचायला कुणी अडवलेलंही नाही. नाबार्ड दरवर्षी आपल्या जिल्ह्याचा पतपुरवठ्याचा आराखडा काढतं. त्यात धान, मासे, दूध, कोसा, सगळ्याला किती कर्ज खपू शकेल याचा अंदाज असतो. बँकेत जाण्याआधी तो वाचून गेलात तर साहेब खुर्ची देतो. अनुभव सांगतो आहे.

आता एक कडू गोष्ट. नाव घेणार नाही, जिल्हाही सांगणार नाही. एका जुन्या ग्रंथालयात मी एका अडत दुकानाच्या वह्या बघायला गेलो होतो. दानात आलेल्या, लाल कापडात बांधलेल्या, चाळीसेक वर्षांचे धानाचे भाव मोडीत आणि देवनागरीत लिहिलेले. वर्षभरापूर्वी मी त्या स्वतः पाहिल्या होत्या. एका पानावर पावसानं उतरलेली शाई अजून डोळ्यांपुढे आहे. दुसऱ्यांदा गेलो तर कपाटात स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. “जागा नव्हती हो सर. आणि त्या वह्यांवर दाखल क्रमांकही नव्हता.” रद्दीत गेल्या. दाखल क्रमांक नाही म्हणजे त्या नव्हत्याच! मी भांडलो नाही. सांगणारा मुलगा अर्धवेळ होता आणि त्याच्या पगाराचा आकडा मला ठाऊक होता.

अशा वह्या हव्यात कुणाला, असं विचाराल. करवतकाठीचं उदाहरण घ्या. आपल्या कोशाच्या साडीचा तो करवतीच्या दात्यांसारखा काठ. त्याला भौगोलिक मानांकन आहे. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला आहे. पलीकडे बालाघाटच्या चिन्नोरलाही आहे, २०२१ पासून. हे मानांकन मागताना अर्जात काय द्यावं लागतं? हा माल इथलाच आहे, पूर्वीपासून आहे, याचा पुरावा. अर्ज मानांकनाच्या अधिकृत जर्नलमध्ये छापून येतो आणि हरकत घ्यायला मुदत असते. तिथे “आमचे आजोबा सांगायचे” याला वजन कमी. गॅझेटियरमधली एक ओळ, बाजाराच्या नोंदवहीतलं एक पान, एखादं जुनं बिल, याला वजन जास्त. शंभर वर्षांपूर्वीचा रद्दीचा कागद आज मालकी सिद्ध करतो. नवा कुठला माल उद्या उभा राहील, मोहाडीचा की पवनीचा, आणि त्याला कोणता कागद लागेल, हे आज कुणाला सांगता येणार? म्हणून सगळंच ठेवावं लागतं. जागेचा प्रश्न मला कळतो. पण मग निदान फोटो काढून ठेवा.

मागणी एवढीच आहे, आणि ती मी सरकारकडे करत नाही, या सभागृहाकडे करतो. या ग्रंथालयात एक कपाट भंडारा जिल्ह्याचं असावं. त्यात मघाशी सांगितलेले अहवाल छापून, बांधून ठेवावेत. छपाईचा खर्च एका लग्नातल्या मंडपाहून कमी येईल. राईस मिलवाल्यांनी, अडत्यांनी, तांबट-कासारांनी, विणकरांच्या सोसायट्यांनी आपल्या जुन्या वह्या द्याव्यात. आणल्याबरोबर दाखल क्रमांक टाकावा, तो आधी! आणि आठवड्यातून एक संध्याकाळ कुणी तरी जाणतं माणूस तिथे बसावं, लोकांचे प्रश्न ऐकायला. निवृत्त बँकवाले, निवृत्त प्राध्यापक इथे पहिल्या रांगेत बरेच दिसताहेत. मी कुणाकडे बोट दाखवत नाही.

कोंढ्याच्या त्या तरुणाला मी आज बोलावलं होतं. तो येऊ शकला नाही, हंगाम आहे, गिरणी रात्रंदिवस चालू आहे. त्याची वही मात्र त्यानं पाठवली आहे. कोणत्या गिरणीत किती अरवा, किती उसना, कोणत्या महिन्यात, सगळं पेन्सिलनं लिहिलेलं. त्या कपाटातली पहिली वस्तू म्हणून मी ती अध्यक्षांच्या हाती देतो.

बाहेर व्हरांड्यात टेबलावर १९०८ च्या गॅझेटियरची छापून आणलेली प्रत ठेवली आहे. भंडारा हे नाव ‘भाण’ म्हणजे पितळी भांड्यावरून पडलं असावं, या जुन्या समजुतीजवळ खूण घातली आहे. खरं-खोटं तुम्ही आपसात भांडून ठरवा. चहाही तिथेच आहे, फक्त कप पुस्तकापासून लांब धरा.